विधवा प्रथा बंदीचा ठराव: आधी कागद की आधी मन?

नदीकाठ:
परवा गावी दहाव्याला गेलो होतो. विधी आटोपले आणि वहिनींच्या बांगड्या फोडायला दोन म्हाताऱ्या पुढे सरसावल्या. आमच्या ग्रामपंचायतीत विधवा प्रथा बंदीचा ठराव झालेला आहे, चावडीवर फलक आहे. सरपंच तिथेच होते, मोबाइलमध्ये डोकं घालून.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडचा ठराव गावातून आला, आमचा वरून. आत्मभान परिपत्रकाने येत नाही, शिक्षणाने येतं.

चिंचगूळ:
सासरे गेले तेव्हा मी 'मला हे पटत नाही' म्हटलं असतं, तर शिकलेल्या सुनेचा माज ठरला असता. मी म्हटलं, 'पंचायतीचा ठराव आहे, उगाच कटकट नको.' आत्याबाई गप्प! सासूबाईंच्या हातात बांगड्या राहिल्या. दोनेक महिने त्या हात पदराखाली घेऊन बसायच्या. आता बाजारात भाव करताना खुशाल खळखळवतात. कागद आधी आला, मन मागून आलं.

नदीकाठ:
ठराव वापरायची अक्कल तुम्हाला कुठून आली? शाळेतूनच ना? आणि कायद्याचंच म्हणाल तर विधवा विवाहाचा कायदा १८५६ चा. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावाने, मुरुडने बहिष्कार टाकलाच. सदतीस वर्षं कायदा होता की पुस्तकात!

तिसरी घंटा:
बहिष्कार टाकला, पण ते लग्न बेकायदा ठरवता आलं नाही. हा फरक लहान नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते पालकांची मनं तयार होईपर्यंत थांबले नाहीत. म्हणजे तुमचं ते शिक्षणसुद्धा सरकारी हुकमातूनच आलंय, साहेब.

आता शाळेचं ऐका. मी शिक्षक आहे. संक्रांतीला आमच्या शिक्षिकांनी स्टाफरूममध्ये हळदीकुंकू केलं. सगळ्या बी.एड. झालेल्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी विधवा. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही, फक्त तिळगूळ वळायला स्वयंपाकघरात बसवलं. सहावीच्या मुली वाण नेऊन देत होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. त्याच आठवड्यात मी त्यांना नागरिकशास्त्रात समता शिकवली. कुठला धडा लक्षात राहील, सांगा.

नदीकाठ:
हे माझ्याच बाजूचं झालं. शिक्षण कच्चं आहे, ते सुधारा.

चिंचगूळ:
सुधारेपर्यंत वहिनींनी काय करायचं? आणि एक विचारू? त्यांना काय हवं होतं, हे तिथे कुणी विचारलं?

नदीकाठ:
नाही. मीसुद्धा नाही. मी पारावर बसून सरपंचांना मनात शिव्या घालत होतो.

मत बदललेलं नाही. पण उद्या तेरावं आहे. बायको डझनभर बांगड्या घेऊन चाललीय, मी ग्रामसेवकाकडून ठरावाची झेरॉक्स आणलीय. घालायच्या की नाही, ते वहिनी बघतील.