किलोमीटरपेक्षा मिनिटं मोजा
इनडोअर सायकलिंगच्या (एका जागी बसवलेल्या सायकलवरच्या व्यायामाच्या) क्लाससाठी ‘आठवड्याला १०० किमीचं लक्ष्य ठेवा’ असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय, तो नवशिक्यांसाठी मला पटत नाही. लक्ष्य हवंच, पण क्लासमधल्या सायकलवर दिसणारे किलोमीटर हे चाकाचे फेरे आणि रेझिस्टन्स (पायडल किती जड ठेवलंय) यांवरून काढलेला अंदाज असतो. शेजारच्या दोन सायकलींचे आकडेही जुळत नाहीत. मीही सुरुवातीला आकड्यामागे लागून रेझिस्टन्स वाढवत गेले, पायडल जेमतेम मिनिटाला ५५ फिरायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरला. सीटही खाली होती, ते नंतर कळलं.

मग लक्ष्य बदललं: आठवड्यातून ३ दिवस, ४० मिनिटं, पायडल ८० ते ९० च्या दरम्यान, आणि शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच दम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. उरलेली ३० मिनिटं चालण्यात सहज निघतात. चार महिन्यांनी पुण्याजवळचा जुना कात्रज घाट सायकलवरून खाली न उतरता चढले. वेळ किती लागला ते पाहिलंच नाही, घाटमाथ्यावरच्या बोगद्यापाशी पोचल्यावर डोळे भरून आले होते.