मोसूल पडले तेव्हा ट्विटरवर उसळलेली गर्दी खरी होती का?

प्रश्न
जून २०१४ मध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेने इराकमधले मोसूल शहर घेतले, तेव्हा त्यांच्या बाजूने एका दिवसात जवळपास ४०,००० ट्वीट्स पडल्याचे वाचले होते. इतकी माणसे खरोखर लिहीत होती, की हे बॉटचे, म्हणजे आपोआप ट्वीट टाकणाऱ्या प्रोग्रॅमचे, काम होते? मी शाळेत शिकवते. नववीच्या मुलांनी विचारले आणि मला धड उत्तर देता आले नाही, याची रुखरुख लागली आहे.

प्रतिसाद १
ताई, बरीचशी खाती खऱ्या माणसांची होती, पण मजकूर त्यांचा नव्हता. त्या वर्षी एप्रिलमध्ये आयसिसच्या समर्थकांनी 'फज्र अल-बशाइर' नावाचे ॲप काढले होते. ते घेताना वापरणारा आपल्या खात्याची परवानगी देऊन टाकत असे आणि मग प्रचारकांनी ठरवलेली ट्वीट्स, चित्रे व हॅशटॅगसकट, त्याच्या नावाने आपोआप पडत. तीही ट्विटरच्या स्पॅम-चाळणीत अडकू नयेत म्हणून मध्ये वेळ सोडून. त्या दिवसांत ट्विटरवर 'बगदाद' एवढेच शोधले, तरी आयसिसच्या झेंड्याकडे पाहणारा बंदूकधारी आणि 'बगदाद, आम्ही येत आहोत' असे शब्द असलेले चित्र सुरुवातीलाच समोर येई. वेढ्याच्या भीतीत असलेल्या शहरातल्या माणसाला ते पाहून काय वाटले असेल!

प्रतिसाद २
थोडी पुस्ती जोडतो. ब्रुकिंग्ज संस्थेने मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बर्गर आणि मॉर्गन यांच्या पाहणीत समर्थकांची किमान ४६,००० खाती असावीत असा अंदाज आहे, पण खरा गोंगाट ५०० ते २,००० खात्यांचाच होता. शिवाय 'शमी विटनेस' हे इंग्रजीतले गाजलेले खाते बंगळुरूतून एक तरुण चालवत असल्याचे डिसेंबर २०१४ मध्ये उघड झाले. तिथे यंत्र नव्हतेच. यंत्रामुळे हॅशटॅग वर येतो. त्याखाली शंका विचारणाऱ्या नवख्या मुलाशी गोड बोलायला माणूसच बसलेला असतो, आणि मला त्याचीच अधिक धास्ती वाटते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. खाती बंद केल्याने काही फरक पडला का?

प्रतिसाद २
पडला. २०१५ च्या मध्यापासून ३,६०,००० खाती बंद केल्याचे ट्विटरने ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितले. नव्या नावाने परतणाऱ्याला अनुयायी पुन्हा शून्यापासून जमवावे लागत. पुढे बरेच जण टेलिग्रामवर गेले. तिथल्या खासगी वाहिन्यांत शिरायला आमंत्रणाची लिंक लागते, त्यामुळे अनोळखी माणसाच्या नजरेस तो मजकूर सहजी पडत नाही.