फ्रिक्वेंट फ्लायर योजना: एकाच विमानकंपनीला धरून राहावे की तिकिटाचा दर पाहावा?

मूळ मत (खारघर)
उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि आमच्या सोसायटीत जो तो इंडिगोच्या ब्लूचिप योजनेविषयी, म्हणजे प्रवासावर पॉइंट देणाऱ्या आणि त्या पॉइंटांवर पुढचे तिकीट काढू देणाऱ्या योजनेविषयी, बोलू लागला. घराजवळचा विमानतळ हा योजना निवडण्याचा निकष होऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. पॉइंट कुठे मिळतात यापेक्षा ते कुठे वापरता येतात, हे आधी पाहावे. ज्यांची मुले जर्मनीत किंवा सिंगापुरात स्थायिक आहेत, त्यांनी एअर इंडियाची अशीच योजना, महाराजा क्लब, निवडावी, कारण ही कंपनी २०१४ पासून स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या जागतिक गटात असल्यामुळे लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने केलेल्या प्रवासाचे पॉइंटही त्याच खात्यात जमा करता येतात. इंडिगो अशा कोणत्याही जागतिक गटात नाही.

प्रतिसाद (घोडबंदर रोड, ठाणे)
मी सहमत नाही. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. त्यांचे मोल कंपनी ठरवते आणि कंपनीच बदलते. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा तिच्या किंग क्लब योजनेच्या सभासदांच्या हाती काय उरले? पुढे १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचेही उड्डाण थांबले. वर्षातून एकदोनदाच प्रवास करणाऱ्या कुटुंबाने सरळ स्वस्त तिकीट काढावे. वाचलेला पैसा आपल्याच खिशात राहतो.

उपप्रतिसाद (वाशी)
जेटचा दाखला येथे लागू पडत नाही. जेटची पॉइंट योजना चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती. म्हणूनच विमाने थांबल्यावरही ती योजना इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. विस्तारा ही विमानकंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या क्लब विस्तारा योजनेचे पॉइंटही महाराजा क्लबकडे वर्ग झाले. कंपनी बुडणे आणि विलीन होणे यांतला फरक सभासदाच्या दृष्टीने फार मोठा आहे.

प्रतिसाद (ऐरोली)
मूळ मतातील गटाचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र एक बारकावा सुटला आहे. तिकिटावर भाड्याचा वर्ग दाखवणारे एक इंग्रजी अक्षर असते. दुसऱ्या कंपनीच्या खात्यात किती पॉइंट पडणार, हे त्या अक्षरावर ठरते आणि सर्वांत स्वस्त वर्गात कित्येकदा काहीच पडत नाही. सवलतीचे तिकीट काढून महिनोन्‌महिने पॉइंटांची वाट पाहणारे अनेक जण मी पाहिले आहेत. शिवाय एका प्रवासाचे पॉइंट एकाच योजनेत मिळतात, त्यामुळे खाते कोणते द्यायचे हे तिकीट काढतानाच ठरवावे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे माइल्स, म्हणजे तिथले पॉइंट, तीन वर्षांनी बाद होतात. क्वचित प्रवास करणाऱ्याने ही मुदत आधी पाहावी.

मूळ लेखक (खारघर)
भाड्याच्या वर्गाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोणत्या वर्गाला किती पॉइंट मिळतात याचा तक्ता तिकीट काढण्यापूर्वी पाहायलाच हवा. तरीही जे नोकरीनिमित्त सतत फिरतात, त्यांना गटाच्या गोल्ड दर्जामुळे, म्हणजे भरपूर प्रवास करणाऱ्या सभासदांच्या वरच्या दर्जामुळे, मिळणारे जादा सामान आणि लाउंजचा प्रवेश, विशेषतः वृद्ध आईवडील सोबत असताना, फार उपयोगी पडतो. ही सोय स्वस्त तिकिटातून मिळत नाही.

उपप्रतिसाद (घोडबंदर रोड, ठाणे)
सतत फिरणाऱ्यांपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र पॉइंटांवर काढलेल्या तिकिटालाही कर आणि शुल्क पैशांत भरावे लागते, हे आपण कुठेही सांगितले नाही. ती रक्कम हिशेबात धरल्याशिवाय वर्षातून एकदा मुलीकडे जाणाऱ्या निवृत्त दांपत्याला महाराजा क्लब सुचवणे मला अजूनही पटत नाही.