मदत हवी आहे: सणाच्या भेटी घरीच करायच्या आहेत, कमी खर्चात आणि नवं सामान न आणता

नमस्कार. सणाला सहा आठवडे उरलेत आणि माझ्या यादीत अठरा जणं आहेत. यंदा हात जरा आखडता आहे, पण कारण तेवढंच नाही. गेल्या सणानंतर घर आवरताना नुसत्या चकचकीत कागदांनी आणि प्लॅस्टिकच्या फितींनी एक गोणी भरली. त्या कागदांतून निघालेल्या निम्म्या वस्तू अजून कपाटात तशाच पडून आहेत. माझ्या हातून कुणाच्या घरात असं काही जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

गेल्या वर्षीही मी घरीच करायचं ठरवलं होतं. ते फसलं, म्हणून आधी तेच सांगते. ‘पर्यावरणपूरक’ असं लिहिलेला हस्तकलेचा एक संच आणला, तर आत चमकीच्या पुड्या. चमकी म्हणजे बारीक कातरलेलं प्लॅस्टिकच. मेणबत्त्यांसाठी नव्या बरण्या, मेण, वाती, सुगंध असं सगळं विकत घेतलं आणि शेवटी हिशेब केला तर तयार भेटींपेक्षा खर्च जास्त झालेला. रंग यावा म्हणून मेणात लेकीचे मेणखडू वितळवले, तर ज्योत लगेच मिणमिणायची आणि विझायची. एका बरणीला तडा गेला, तेव्हा मात्र घाबरले. बियांचा कागद (लगद्यात बिया मिसळून केलेला, नंतर मातीत पेरता येणारा) केला, तो चार दिवस ओलाच राहिला, त्याला मोड आले आणि मग बुरशी.

यंदा घरात जे आहे त्यातूनच करायचंय. मऊ झालेल्या तीन सुती चादरी आहेत, त्यातल्या दोन पांढऱ्या पण डागाळलेल्या. नवऱ्याचे पाच-सहा शर्ट, दोन जीन्स, मुलांच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वह्यांचा गठ्ठा, जुनी कॅलेंडरं, वीसेक रिकाम्या काचेच्या बरण्या, मेणबत्त्यांची थोटकं आणि भरपूर पुठ्ठा आहे. शिलाई मशीन नाही. हाताने धावदोरा आणि बखिया घालता येतो. रोज रात्री तासभर मिळतो. लेक आठ वर्षांची आहे आणि तिला प्रत्येक कामात हात घालायचा असतो.

यातून लोक खरंच वापरतील असं काय करता येईल? मेणबत्त्या आणि बियांचा कागद पुन्हा करून पाहावा की नाद सोडावा? आणि जे मला सगळ्यात जास्त टोचतंय ते: यादीत काही वडीलधारी माणसं आहेत. ‘जुन्यातलं दिलं’ असं त्यांना वाटू नये, यासाठी काय करू? साबणही करून पाहावा असं मनात आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, बरण्यांच्या मेणबत्त्या नका करू. साध्या बरण्यांची काच तापमान सोसायला बनवलेली असेलच असं नाही, म्हणूनच तडा गेला. मेणखडूतले रंगाचे कण वातीत अडकतात आणि मेण वर चढू देत नाहीत, त्यामुळे ज्योत विझते. मेण कधीही थेट आचेवर वितळवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. फार तापलं तर ते पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर भडका उडतो. झाकण घालून विझवायचं. घरात आठ वर्षांचं मूल आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

साबणाचंही तेच. कॉस्टिक सोडा घालून थंड पद्धतीने केलेला साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे सहाच आहेत, आणि पहिलाच घाणा कुणाला भेट देऊ नये.

प्रतिसाद २

बियांच्या कागदाचा नाद सोडू नका, चूक छोटीशीच आहे. लगदा जाड थापला गेला असणार. कागदाचे तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सरमधून फिरवा आणि बिया त्यानंतर हाताने मिसळा. मिक्सरमध्ये घातल्या तर त्या तुटतात. लगदा जाळीवर अगदी पातळ पसरा, वरून सुती कापड दाबून पाणी टिपून घ्या आणि पंख्याखाली ठेवा. दिवसभरात वाळायला हवा, एवढंच पथ्य. बिया लहान आणि चपट्या निवडा. तुळशीच्या वर्गातल्या बिया टाळा, त्या ओल्या झाल्या की बुळबुळीत होतात आणि कागद सुकत नाही. मी याच्या फक्त नावाच्या चिठ्ठ्या करते. पूर्ण भेटकार्डाला लगदा फार लागतो.

प्रतिसाद ३

मला त्या अर्ध्या कोऱ्या वह्यांबद्दल लिहायचंय, कारण तुमच्या यादीतलं खरं धन तेच आहे. त्यांच्या नव्या वह्या शिवा.

कोरी पानं काढून घ्या. चार-पाच कागद एकात एक घालून दुमडले की एक जुडी होते. अशा पाच-सहा जुड्यांची छान वही होते. दुमडायच्या आधी कागदाचा कल, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाहा. कागद आडवा आणि उभा असा दोन्हीकडे हलकेच वाकवा. ज्या दिशेने सहज वाकेल त्याच दिशेने घडी घाला. कलाच्या विरुद्ध घातलेली घडी फुगते, आणि वही कायम तोंड उघडून बसते. घडीवर चमच्याची पाठ दाबून फिरवायचं काम लेकीकडे द्या.

प्रत्येक जुडीच्या घडीवर पाच भोकं पाडायची, सगळ्या जुड्यांत एकाच अंतरावर. त्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी मोजून खुणा करून ठेवा आणि तीच सगळीकडे वापरा. दोरा जाड सुती घ्या. आणि तुमची थोटकं इथे कामी येतात! दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढून घेतला की तो गुंतत नाही, शिवण घट्ट बसते आणि कागद कापला जात नाही. आवरणाला पुठ्ठा, त्यावर शर्टाचं कापड, चिकटवायला मैद्याची दाट खळ, पातळ थरात. खळ पाणीदार झाली तर कापडातून डाग वर येतात.

वही माणूस वापरतोच. कुणी हिशेबाला, कुणी पत्त्यांना, कुणी नुसती यादी करायला.

प्रतिसाद ४

एक विनंती. चादरी आहेत म्हणून अठरा पिशव्या शिवायला घेऊ नका, आणि पिशव्यांसाठी नवं कापड तर मुळीच आणू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार नव्या सुती पिशवीने पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायची, तर नुसत्या हवामानावरच्या परिणामापुरतं पाहिलं तरी ती ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, माती, हवा असे सगळे परिणाम धरले तर तोच आकडा ७१०० होतो. यात कापूस पिकवण्याचा वाटा मोठा आहे. जुन्या चादरीला हा हिशेब लागत नाही, तिचा कापूस कधीच पिकून झालाय. पण घरोघरी पिशव्या आधीच ढिगाने पडून असतात. कपाटात पडून राहणारी भेट नको, असं तुम्हीच म्हणालात.

प्रतिसाद ५

‘जुन्यातलं’ वाटू नये म्हणून डागाळलेल्या चादरी रंगवा. कांद्याची कोरडी टरफलं साठवा, कापडाच्या वजनाच्या निम्मी तरी हवीत. कापड आधी साबणाच्या गरम पाण्यात चांगलं धुवा, नाहीतर रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढतो. मग वजनाच्या साधारण १५ टक्के तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. टरफलं तासभर उकळून गाळून घ्या आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर फिरवत राहा. सोनेरी ते तांबूस असा फार देखणा रंग येतो आणि फिकट डाग त्यात मिसळून जातात. स्टीलचं भांडं घ्या, लोखंडी भांड्यात रंग काळपट होतो. हळदीने रंगवू नका, ती उन्हात उडते.

शर्टांसाठी माझी आवडती गोष्ट: उशीचा अभ्रा. शर्टाचा पुढचा भाग बटणपट्टीसकट चौकोनी कापायचा, मागचा भाग त्याच मापाचा घ्यायचा, दोन्हींच्या सुलट बाजू आत, समोरासमोर ठेवून चारही बाजूंनी बखिया घालायचा आणि बटणं उघडून सुलट करायचा. चेन नको, काजं नकोत. बाहीचा कफाकडचा भाग बटणासकट कापून खालून शिवला की चष्म्याचं घर होतं. आतून चादरीचं मऊ अस्तर तेवढं लावा. वडीलधाऱ्यांना हेच द्या आणि कापड कशाचं आहे ते लपवू नका. माझ्या मावशींना मी काकांच्या शर्टाचा अभ्रा दिला होता. तो त्या कुणाला धुवायलाही देत नाहीत, स्वतः धुतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. मावशींचं वाचून डोळे भरून आले. माझ्या सासऱ्यांचे दोन शर्ट ट्रंकेत जपून ठेवलेत, आणि यादीत त्यांची धाकटी बहीण आहे. आता तिला काय द्यायचं ते ठरलं.

पिशव्या रद्द. मेणबत्त्या आणि साबण रद्द. पहिली वही शिवून झाली, शिवण सुंदर आली आहे. पण आवरण वाळल्यावर पुठ्ठा होडीसारखा वाकला. काय चुकलं? आणि वेष्टण कशाचं करू? घरात गेल्या वर्षीचे थोडे कागद उरलेत, ते वापरले तर चालतील का?

प्रतिसाद ३ मधून पुन्हा

हे सांगायचं राहिलंच, माफ करा. ओलं कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतं. आतल्या बाजूलाही खळ लावून कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होतो. कॅलेंडरची पानं त्यासाठी उत्तम. मग दोन फळ्यांमध्ये घालून वर वजन ठेवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत उघडून बघायचा मोह टाळा. वाकलेली वहीही अशीच सरळ होईल.

प्रतिसाद ४ मधून पुन्हा

आहेत ते कागद जरूर वापरा, फेकण्यापेक्षा ते बरं. फक्त ते रद्दीत चालतील का हे कळायला मुठीत चुरगाळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा साधा कागद. पुन्हा उलगडला तर त्यावर प्लॅस्टिकचा थर आहे, तो रद्दीत जात नाही. चमकीचा असेल तर तोही नाही. बाकी वह्यांना वेष्टण हवंच कशाला? चादरीच्या काठाची पट्टी बांधा आणि गाठीत एक दाबून वाळवलेलं पान खोचा. जाड पुस्तकात वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेलं पान दोन-तीन आठवड्यांत तयार होतं, म्हणजे आजच ठेवायला घ्या. हे काम लेकीचं.

धागाकर्ती

आतून एप्रिल महिना चिकटवला आणि दोन रात्री वजनाखाली ठेवली. वही एकदम सरळ! लेकीने शेजारपाजारच्या झाडांखालून तेवीस पानं वेचून आणलीत आणि घरातलं एकही जाड पुस्तक आता वाचायला मिळत नाहीये. पाच वह्या झाल्या, सहावीच्या जुड्या दुमडून ठेवल्यात. कांद्याची टरफलं मात्र अजून वाटीभरच जमलीत. रंगीत चादर सगळ्यात शेवटी करते, तोवर दोन्ही शेजारणींना टरफलं बाजूला ठेवायला सांगितलं आहे.