‘फुल्ली रिनोव्हेटेड’ रीसेल फ्लॅट घ्यावा की टाळावा?

घरशोध्या: चार महिने पुण्यात रीसेल टू बीएचके बघतोय. कोथरूड, बिबवेवाडी, सिंहगड रोड, पंचवीस-तीस वर्षांच्या इमारती. कुणीतरी जुना फ्लॅट घेतो, महिनाभरात उरकून घेतो, पीओपी, लपवलेले दिवे, टीव्हीमागे पीव्हीसी पॅनेल, आणि भाव भरपूर वर. अशी घरं बघणं मी बंद केलंय. पोपडे आलेली भिंत निदान ओल कुठून येते ते तरी सांगते. पुट्टी मारली की तिचं तोंड बंद.

परवाच एका बाथरूममध्ये किल्लीनं टाइल वाजवून बघितल्या. तीन-चार बद्द वाजल्या. जुन्या टाइलवरच नव्या चिकटवलेल्या, आणि पाण्याचा उतार नहाणीऐवजी दाराकडे! एजंट म्हणे, "वायपर मारायचा ना सर."

ठेकेदारच: मी हीच कामं करतो, म्हणून लिहितोय. टाइलवर टाइल म्हणजे पाप नव्हे. खालची घट्ट असेल आणि ॲडहेसिव्ह चांगलं वापरलं तर टिकते. उलट सगळं फोडायला गेलं की जुना कोबा हलतो आणि खालच्यांकडे गळती सुरू होते. उतार चुकला ती मात्र गवंड्याची चूक, तिथं बोलत नाही. पण मालक रेट पाडतो, वर पंधरा दिवसांत चावी मागतो, आणि शिव्या आम्हाला.

घरशोध्या: अहो, माझा मुद्दा तोच आहे. स्वतः राहायचं असेल तर माणूस वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून दोन दिवस थांबतो. विकायचं असेल तर कशाला थांबेल?

दोनहप्ते: न रंगवलेलं घ्या म्हणणं सोपं आहे. आम्ही घेतलं. सात महिने घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरले. बँकेनं कर्ज फ्लॅटचं दिलं, सुताराचे पैसे खिशातून. एवढं करून आमच्या वायरमननं गिझरच्या पॉइंटला अर्थिंगच दिलं नव्हतं. मी रोज ऑफिसला, साइटवर उभं कोण राहणार? आपल्या देखरेखीखाली काम चांगलं होतं, हा एक गोड गैरसमज आहे.

कलम_५५: गळती निघाली तर रेरात (बांधकाम क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणात) जाऊ, या भरवशावर राहू नका. बांधकामातल्या दोषांची 5 वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर असते, जुना फ्लॅट विकणाऱ्या साध्या मालकावर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार स्वतःला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्यानं सांगायला हवा. पण करारात वेगळं ठरलं असेल तर तेच चालतं, आणि "त्याला ठाऊक होतं" हे सिद्ध कोण करणार? त्यापेक्षा सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ते दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं.

दोनहप्ते: आमच्या सचिवांनी अहवाल म्हणून रंगकामाचं कोटेशन दाखवलं होतं.

खालचा_मजला: एवढा कायदा कशाला? खालच्या घराची बेल वाजवा. आमच्या वरचा फ्लॅट उन्हाळ्यात चकाचक झाला, तेव्हापासून विकायला आहे. दर रविवारी माणसं येतात, बाल्कनीत फोटो काढतात, जातात. आमच्या बाथरूमच्या छतावर परातीएवढा तपकिरी डाग आहे, सहा वर्षांपासून. या पावसात त्याला शेजारी एक नवा भाऊ आलाय. आजवर एकानंही विचारलं नाही. विचारलं तर चहा पाजून दाखवीन.

ठेकेदारच: हे मात्र शंभर टक्के खरं. माझं घर घेताना मीही तेच केलं होतं.

घरशोध्या: म्हणजे तुम्हालाही तुमच्या जातभाईंच्या पुट्टीवर भरवसा नाही तर!

नवखी_२०: @खालचा_मजला, काका, बिल्डिंग बिबवेवाडीत आहे का हो? आम्ही शनिवारी टोकन देणार आहोत. प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.