अनुभव धागा : रोजच्या वापराला गिअरची गाडी की ऑटोमॅटिक?

सातरस्ता_जुना

मागच्या रविवारी इथे सोलापुरात मुलीसाठी गाडी पाहायला गेलो होतो. तिला पुण्यात नोकरी लागली आहे आणि तिचा हट्ट ऑटोमॅटिकचा आहे. माझे मन मात्र गिअरच्या गाडीकडे ओढ घेत होते. शोरूममधल्या मुलाने मला स्टिअरिंगवर बसवले आणि अदबीने सांगितले, "काका, डावा पाय मागे घेऊन ठेवा, त्याला आता काही काम नाही." होटगी रस्त्यावरच्या पहिल्याच सिग्नलला तो बेकार झालेला पाय आपसूक पुढे सरकला आणि जिथे काहीच नव्हते तिथे दाबत राहिला. त्या क्षणी मला वडील आठवले.

आमच्याकडे फियाट होती आणि तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. होम मैदानावर आठ दिवस गोल गोल फिरवल्यानंतर वडिलांनी मला भैया चौकाजवळच्या रेल्वे पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावली. मग ते खाली उतरले, पायातली एक कोल्हापुरी चप्पल काढून मागच्या चाकामागे चार बोटांवर ठेवली आणि म्हणाले, "चप्पल मागच्याच आठवड्यात घेतलेली आहे, तेव्हा विचार करून क्लच सोड." हँडब्रेक ओढलेला, क्लच अर्ध्यावर, इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटते आणि तेवढ्यात हँडब्रेक सोडायचा, हे सगळे मी त्या एका चपलेच्या धाकाने शिकलो. शोरूममधून परत येताना मुलीला ही हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "पण बाबा, हे शिकायची वेळच येणार नसेल तर कशासाठी शिकायचे?" मला उत्तर सुचले नाही.

आपण रोजच्या वापरासाठी काय निवडले, का निवडले आणि नंतर पस्तावलात का, हे कृपया सविस्तर लिहावे.

कडक_भाकरी

आपला पाय निदान बेकार तरी राहिला, माझा उपद्व्यापी निघाला. ऑटोमॅटिक घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आसरा चौकात वेग कमी करताना माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेकची रुंद पट्टी होती, आणि क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबल्यावर जे व्हायचे तेच झाले. शेजारच्या सीटवरचा डबा उडाला, झाकण निघाले आणि आमटी थेट एसीच्या जाळीत गेली. पुढे दोन महिने एसी लावला की गाडीभर काळ्या मसाल्याचा वास दरवळत असे. मागच्या रिक्षावाल्याने काढलेले उद्गार इथे लिहिता येणार नाहीत. नव्याने ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी पहिला आठवडा डावा पाय सीटच्या खालीच दुमडून ठेवावा आणि डबा मागे ठेवावा.

शेंगाचटणी

डब्यात आमटीऐवजी शेंगाचटणी असती तर एसी वाचला असता.

एसटीतून_निवृत्त

मी तीस वर्षांहून अधिक काळ एसटी चालवली. सुरुवातीच्या गाड्यांचे गिअर असे होते की खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून अंदाजाने रेस द्यायची आणि पुन्हा दाबून गिअर टाकायचा. अंदाज चुकला की गिअरबॉक्स असा कडकडत असे की मागच्या बाकावर झोपलेला प्रवासीही उठून बसे. त्यामुळे निवृत्तीनंतर मी ऑटोमॅटिक घेतली, तेव्हा डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांना मी धर्म बदलल्यासारखे वाटले. कारण साधे होते. गुडघ्याने आयुष्यभराचा क्लच दाबून झाला होता.

मात्र एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तुळजापूरहून परतताना घाट उतरायला लागलो की माझी एएमटी (साध्या गिअरबॉक्सवर यंत्राने गिअर बदलणारी) गाडी 'डी'मध्ये, म्हणजे गिअर तिच्यावर सोपवलेले असताना, पाय उचलताच वरचा गिअर घेते, इंजिनाचा अडसर कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पहिल्या खेपेला खाली पोहोचेपर्यंत चाकांपाशी करपल्याचा वास सुटला होता. आता मी घाटाच्या तोंडाशीच लिव्हर 'एम'मध्ये, म्हणजे गिअर आपण ठरवायच्या जागी, ओढतो, दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवतो आणि ब्रेक केवळ वळणापुरता वापरतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते आणि ऑटोमॅटिकलाही ते तसेच लागू आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांविषयी मी इथे लिहिले तर माझी भाषा सुटेल.

कडक_भाकरी

आपले 'एम'विषयीचे वाचून मी आत्ताच खाली जाऊन माझी गाडी पाहून आले. तीन वर्षे झाली, पण त्या अक्षराकडे मी एकदाही लिव्हर नेलेली नाही.

गड्ड्याच्या_गर्दीत

संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी, मी चुकून बाळीवेशीच्या बाजूला गाडी घातली. दीड तास गाडी पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढे जात होती आणि थांबत होती. शेवटी डावी मांडी थरथरू लागली आणि बाहेर उतरल्यावर दोन पावले लंगडावे लागले. पुढच्या गाडीचा निर्णय ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या साक्षीने तिथेच झाला.

अक्कलकोट_रोड_गॅरेज

माझा व्यवसायच गाड्या दुरुस्तीचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि गिऱ्हाईक बहुधा आपण काय घेतले आहे हे न जाणता घरी जाते.

सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे एएमटी. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून तो पहिल्यांदा आला. यात गिअरबॉक्स साधाच असतो आणि क्लचप्लेटही तीच असते. फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तुमच्या हातापायांऐवजी यंत्र करते. म्हणूनच गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि आतल्या माणसांच्या माना डोलतात. गिअर पडायच्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला तर हे डोलणे पुष्कळ कमी होते. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल असते, एका पंख्याने ढवळलेले तेल समोरच्या पंख्याला फिरवते, त्यामुळे गाडी लोण्यासारखी निघते. पण किंमत बरीच वाढते आणि ते तेल वेळेवर बदलावे लागते. तिसरा प्रकार सीव्हीटी. त्यात दोन पुल्या आणि त्यांवरचा पट्टा असतो, ठरावीक गिअरच नसतात. गावात फार सुखाची, पण एकदम जोर मागितला तर आधी इंजिन ओरडते आणि मग गाडी पळते. चौथा प्रकार दोन क्लचांचा. हमरस्त्यावर त्याला तोड नाही. मात्र ज्यात क्लच कोरडे असतात ती गाडी मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात रांगेत तासभर सरपटवली की क्लच तापतात आणि समोर इशारा झळकतो.

माझ्याकडे येणाऱ्या एएमटीच्या तक्रारींमध्ये वारंवार एकच चूक दिसते. पुलाच्या चढावर सिग्नलला थांबताना लोक ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. क्लचचे पेडल नाही म्हणजे क्लचच नाही असा त्यांचा समज असतो, आणि आत बिचारी प्लेट घासत असते. मागच्या महिन्यात एक सद्गृहस्थ प्लेट काळी ठिक्कर झालेली पाहूनही माझ्याशी वाद घालत होते की त्यांच्या गाडीला क्लच नाही. मी ती प्लेट कागदात गुंडाळून त्यांच्या हाती दिली.

विजापूर_रोड

मग त्यांनी ती घरी नेली का?

अक्कलकोट_रोड_गॅरेज

नेली. बिलही दिले, पण समज बदलला असेल असे वाटत नाही.

भवानी_पेठ

माझे वडील हातमागावर बसत. दोन्ही पाय पावड्यांवर आळीपाळीने चालत आणि पाय थांबला की कापड थांबे. त्यांनी चारचाकी कधी चालवली नाही; पण मी पहिल्यांदा क्लच सोडताना गाडी तीन वेळा बंद पाडली, तेव्हा मागच्या सीटवरून त्यांनी सांगितले होते, "एक पाय सोडताना दुसऱ्याला खबर दे." क्लच आणि ॲक्सिलरेटर यांचे नाते मला कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलने इतक्या थोडक्यात समजावले नाही.

आणखी एक आठवण आहे. आमच्या घरी चेतक स्कूटर होती. डाव्या मुठीत क्लच धरायचा आणि तीच मूठ पिळून गिअर टाकायचा. ऐंशीच्या दशकात बिनगिअरची कायनेटिक होंडा आली आणि मोठ्या बहिणीने ती घेतली, तेव्हा गल्लीतले लोक तिला 'बायकांची गाडी' म्हणून हसले. आज त्याच गल्लीत दारोदार बिनगिअरच्या स्कूटर उभ्या आहेत, हसणारे स्वतः त्याच चालवतात आणि त्या स्कूटरच्या पोटातही गॅरेजवाले म्हणतात तसा पट्टा आणि पुल्याच आहेत. चारचाकीची गोष्ट तीच आहे, फक्त उशिरा चालली आहे.

हिशेबी_माणूस

मी वेगळे मत मांडतो. माझे घर ते कारखाना हे अंतर आठ किलोमीटर आहे आणि वाटेत दोनच सिग्नल आहेत. मी पाहिलेल्या मॉडेलमध्ये एएमटीसाठी सुमारे पन्नास हजार रुपये जास्त मोजावे लागत होते. पुण्यामुंबईच्या कोंडीत तो पैसा वसूल होत असेल, पण सोलापुरात रोजच्या पंधरा मिनिटांसाठी मला तो खर्च पटला नाही. ॲव्हरेजमध्ये मला गिअरची गाडी कमी पडलेली नाही, आणि ओव्हरटेक करताना कोणता गिअर हवा हे गाडीने नव्हे, मी ठरवलेले मला आवडते.

गुडघेवाल्या_काकू

हिशेबी दादा, गुडघा बदलण्याचा खर्चही एकदा विचारून पाहा. विनोद बाजूला ठेवते, कारण माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी क्लचची गाडी बराच काळ चालवू नका असे बजावले होते आणि ऑटोमॅटिक नसती तर मी घरात अडकून पडले असते. एक चूक मात्र माझ्याही हातून झाली. माझ्या एएमटीला 'पी' हे पार्किंगचे अक्षरच नाही. मी ती 'एन'मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक न ओढता, फाटक उघडायला उतरले आणि गाडी सावकाश माझ्या मागोमाग येऊन तुळशी वृंदावनाला टेकली. तुळस वाचली, कठडा गेला.

एसटीतून_निवृत्त

काकू, 'पी' नसलेली गाडी उभी करताना ती गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करावे आणि हँडब्रेक ओढावा. 'पी' असला तरी चढउतारावर हँडब्रेक आधी ओढावा, कारण 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आतल्या एका लहानशा खिट्टीवर सगळ्या गाडीचा भार पडतो.

लंडनकर_सोलापुरी

इथे ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना केवळ ऑटोमॅटिकपुरताच मिळतो आणि क्लचची गाडी चालवायची असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे हलक्या वाहनाचा एकच परवाना दोन्हींना चालतो. म्हणून मूळ लेखकाच्या कन्येला माझे सांगणे आहे की घ्यायची ती गाडी घ्यावी, पण शिकावे गिअरवर. मी सोलापुरात शिकलो होतो, म्हणून इथल्या परीक्षेला क्लचची गाडी घेण्याचे धाडस झाले.

मोहोळची_रात्र

हा अनुभव माझा असून तो सांगताना अजून ओशाळायला होते. पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे चहाला थांबलो आणि दिवे चालू राहिल्यामुळे बॅटरी उतरली. टपरीवरचे चौघे तत्काळ उठले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "दुसरा गिअर टाका, ढकलतो." मी खाली मान घालून सांगितले की गाडी ऑटोमॅटिक आहे, ती ढकलून सुरू होत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची माझ्याविषयीची कीव मी विसरू शकत नाही. शेजारी ट्रक उभा होता, पण त्याची यंत्रणा २४ व्होल्टची असल्याने त्याची वायर जोडणे धोक्याचे होते. शेवटी ऊस वाहून नेणारा एक ट्रॅक्टर आला. त्याची बॅटरी कारसारखीच १२ व्होल्टची होती, आणि दोन वायरी जोडताच गाडी सुरू झाली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, एक ऊस मात्र मोडून हातात दिला. तेव्हापासून जंपर केबल डिकीत कायम असते.

शेंगाचटणी

ऑटोमॅटिक घेतल्यावर ऊस फुकट मिळतो, हा मुद्दा हिशेबी दादांनी हिशेबात धरावा.

विजापूर_रोड

इलेक्ट्रिक घेतली तर हा वादच मिटतो, कारण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बदलायचे गिअरच नसतात. माझ्याकडे दीड वर्षापासून आहे. डावा पाय आता काहीही मागत नाही.

सातरस्ता_जुना

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुलीला घेऊन त्याच पुलाच्या चढावर दोन गाड्या चालवून पाहिल्या आणि, खोटे कशाला सांगू, दोन्ही वेळा मागच्या चाकामागे माझी चप्पल ठेवली. शोरूमचा मुलगा काही बोलला नाही, पण त्याने फोटो काढला. पहिल्या एएमटीत ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे सरकली आणि चाक चपलेच्या टाचेवर चढले. दुसरीही एएमटीच होती, मात्र तिच्यात हिल होल्ड होते. ब्रेक सोडल्यावरही तिने स्वतःला क्षणभर धरून ठेवले आणि मुलगी सावकाश पुढे निघाली. दुसरीचे बुकिंग केले आहे. गाडी यायला सहा आठवडे आहेत आणि लंडनकरांचा सल्ला मानून ते सहा आठवडे मुलगी माझ्या जुन्या गिअरच्या गाडीवर शिकणार आहे. आज सकाळी होम मैदानावर तिने ती अकरा वेळा बंद पाडली.

अक्कलकोट_रोड_गॅरेज

सहा आठवड्यांनी जुनी गाडी माझ्याकडे आणावी, क्लचप्लेट पाहून ठेवू.