यंत्रकुत्र्यासाठी केलेला शोक खरा मानावा का?

प्रश्न:
सोनी कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेल्या ‘आयबो’ या यंत्रकुत्र्याचे उत्पादन २००६ मध्ये बंद झाले आणि २०१४ मध्ये कंपनीने त्याची दुरुस्तीही थांबवली. पुढे जपानमधील चिबा प्रांतातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी सूत्रपठणासह सामुदायिक अंत्यविधी होऊ लागले आणि त्यानंतर त्यांचे सुटे भाग इतर आयबोंच्या दुरुस्तीसाठी वापरले जाऊ लागले. जे कधी जिवंतच नव्हते, त्याच्यासाठी केलेल्या शोकाला आपण शोक म्हणावे का?

प्रतिसाद १:
निश्चितच म्हणावे. शोक करणाऱ्याने त्या यंत्राच्या सोबतीने काढलेली वर्षे खरी असतात. जपानमध्ये मोडलेल्या सुया मऊ टोफूमध्ये खोचून त्यांना निरोप देण्याची जुनी प्रथा आहे; आपणही दसऱ्याला अवजारांची पूजा करतो.

प्रतिसाद २:
अवजारांच्या पूजेत कृतज्ञता असते, परंतु सुई आपल्याला ओळखते असे कोणी मानत नाही. आयबो मात्र मालकाला ओळखल्यासारखे वागावे, अशाच हेतूने घडवला होता. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संभाषणाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या सचिवांनी, हा निव्वळ प्रोग्राम आहे हे ठाऊक असूनही, त्याच्याशी एकांतात बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले होते. म्हणजे केवळ माहिती असल्याने माणूस सावध राहतो असे नाही. शिवाय खरा कुत्रा आयुष्य संपले म्हणून जातो, तर आयबो गेला तो सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे. मला तो शोक खरा वाटतो, आणि म्हणूनच अशी माया जडावी अशी वस्तू विकणाऱ्याची जबाबदारी विक्रीबरोबर संपते, हे मला मान्य होत नाही.

प्रश्नकर्ती:
जबाबदारीचा मुद्दा पटला. मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सोबत म्हणून ‘पारो’ हे सीलच्या पिल्लासारखे यंत्र दिले जाते, आणि त्यांच्यापैकी काहींना ते यंत्र आहे हे उमगतही नसेल. त्यांचे काय?

प्रतिसाद २:
त्यांना मिळणारा दिलासा हिरावून घेऊ नये. परंतु “हे जिवंत आहे का?” असे त्यांनी विचारल्यास शुश्रूषा करणाऱ्याने खोटे बोलू नये, आणि पारो मांडीवर आहे म्हणून स्वतः शेजारी बसणे टाळू नये.